बंड्याला सोडून यायचं का? थांबा, आधी त्याचे कान बघा

पत्र (थोडं छोटं करून, ओळख पटेल असे तपशील काढून): "आम्ही इंदूरला राजेंद्र नगरच्या बाजूला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. दीड वर्षापूर्वी गल्लीतलंच एक देशी पिल्लू घरात घेतलं, बंड्या. श्रावणापासून त्याला भयंकर खाज सुटलीय, रात्र रात्र झोपत नाही, कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडलीत, खपल्या धरल्यात. क्लिनिकमध्ये दोनदा इंजेक्शन दिलं, दोन्ही वेळा आठ-दहा दिवस एकदम छान, मग पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त. मेडिकलवरून ट्यूब आणि एक पाण्यात घालायचं औषध आणलं, मिस्टरांच्या मित्राने गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायला सांगितलंय (डबा आणून ठेवलाय, अजून लावलेलं नाही). मी रोज आंघोळ घालते. सासूबाई म्हणतात अंड्याची उष्णता आहे, आणि आता म्हणतात खंडवा रोडला ओळखीच्यांचं शेत आहे तिथे सोडून या, कारण मुलाच्या हातावर आणि पोटावर बारीक लाल पुरळ आलंय, मलाही कमरेपाशी खाजतं. सासूबाईंना शुगर आहे, त्यांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मिस्टर म्हणतात अजून एक स्ट्राँग इंजेक्शन मारू. मी काय करू?"

ताई,

मुलाच्या अंगावरच्या पुरळाचं तुम्ही अगदी शेवटी, घाबरत घाबरत लिहिलंय आणि घरात त्यावरूनच बंड्याला घालवायचं चाललंय. मला मात्र अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली. कारण असं बघा, कुत्र्याच्या खाजेची कारणं ढीगभर असतात पण त्यातली माणसाला त्रास देणारी मोजकीच, आणि त्यातलं नेमकं कुठलं ते माणसाच्या कातडीवरून बऱ्यापैकी कळतं. पिसवा असतील तर आपल्याला चावे बहुतेक घोट्याजवळ येतात, त्या जमिनीवरून उडी मारतात म्हणून. नायटा असेल तर गोल चट्टा दिसतो, कडेला लाल आणि मधून साफ होत जाणारा. आणि सारकोप्टिस नावाचा डोळ्याला न दिसणारा किडा असेल, म्हणजे आपण ज्याला लूत किंवा खरूज म्हणतो ती, तर जिथे कुत्र्याला कवटाळलं जातं तिथे बारीक लाल दाणे येतात, हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर, छातीवर, कमरेला. तुमचा मुलगा बंड्याला पोटाशी घेऊन बसत असणार, बरोबर ना?

आता बंड्याचे कान. त्याची कानाची पाळी दुमडून तिची कड पाळीवरच हलक्या हाताने चार-पाच सेकंद चोळा आणि तेव्हा त्याच बाजूच्या मागच्या पायाकडे लक्ष ठेवा. पाय आपोआप हवेत खाजवल्यासारखा हलायला लागला तर लुतीचा संशय वाढतो. व्हेटसुद्धा टेबलावर हेच करून बघतात. हा पक्का पुरावा नाही, फार खाजणारं कुठलंही कुत्रं असा पाय हलवू शकतं, पण कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोट या कमी केसांच्या जागा या किड्याच्या आवडीच्या, आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात चपखल बसतंय. वर घरातली माणसंही खाजतायत. मी व्हेट नाही, घरात कायम कुत्री असलेली आणि त्यांच्या मागे दवाखाने पालथे घातलेली बाई आहे, त्यामुळे निदान मी करणार नाही, पण डॉक्टरांच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच ठेवा की ही खरूज आहे का.

आणि असली तर ती तशी बरी बातमी आहे! कारण ॲलर्जी निघाली तर जन्मभर सांभाळावी लागते, लूत मात्र नीट औषध झालं तर काही आठवड्यांत मुळासकट जाते. हा किडा कातडीत बोगदे करून त्यात अंडी घालतो, अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. माणसाच्या कातडीवर कुत्र्याचा हा किडा संसार थाटू शकत नाही, चावतो, खाज आणतो आणि मरतो, त्यामुळे कुत्रं बरं झालं की माणसांची खाजही बहुतेक आपोआप थांबते. तरी मुलाला स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच आणि "घरात कुत्र्याला खाज आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण माणसांची स्वतःची खरूज वेगळी असते, ती बोटांच्या बेचक्यात येते, रात्री जास्त खाजते, एकाची दुसऱ्याला लागते आणि तिचं औषध अख्ख्या घराने घ्यावं लागतं. उगाच बंड्यावर बिल फाडायला नको.

आता इंजेक्शनचं. कुठलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण एका दिवसात जादू झाल्यासारखी खाज थांबली आणि नंतर दुप्पट परत आली म्हणजे ते स्टेरॉइड असावं असा माझा अंदाज. आठवून बघा, इंजेक्शननंतर तो पाणी जास्त प्यायला का, घरात मधेच शू झाली का, सारखा खायला मागत होता का? ही तिन्ही स्टेरॉइडची लक्षणं. स्टेरॉइड वाईट असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, ॲलर्जीत, कानाच्या भयानक सुजेत तेच कामाला येतं, पण ते खाज थांबवतं, किडा मारत नाही. बंड्या शांत झोपला त्या आठ-दहा दिवसांत किडे आत आरामात वाढत होते, म्हणून पुन्हा आली तेव्हा जास्त आली. तेव्हा मिस्टरांना सांगा, स्ट्राँग इंजेक्शनने हेच चक्र अजून एकदा फिरेल, फार तर.

एका आजारात तर स्टेरॉइड सरळ नुकसान करतं, डेमोडेक्स. हा दुसरा किडा केसांच्या मुळात राहतो आणि थोडा थोडा तर जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात असतोच, पिल्लाला तो आईकडून जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिळतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की तो बेसुमार वाढतो, मग डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडतं, सुरुवातीला खाज फारशी नसते आणि तो माणसाला लागत नाही. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला एक-दोन छोटे चट्टे असतील तर बऱ्याचदा आपोआप भरून येतात. पण अशा पिल्लाला कोणी खाजेचं म्हणून स्टेरॉइड दिलं की प्रतिकारशक्ती अजून खाली जाते आणि दोन चट्ट्यांचं अंगभर होतं. हे मी तुमच्यापेक्षा बाकीच्या वाचकांसाठी लिहितेय, कारण "केस गळतायत, काहीतरी इंजेक्शन द्या" असं आपणच क्लिनिकच्या दारात म्हणतो. गर्दीत बसलेला डॉक्टर तरी काय करणार, लोकांना संध्याकाळपर्यंत फरक पाहिजे असतो.

तर पुढच्या खेपेला तुम्ही मागायचंय ते स्क्रेपिंग. ब्लेडला तेलाचा थेंब लावून खपलीच्या कडेला कातडी खरवडतात, डेमोडेक्सचा संशय असेल तर अगदी बारीक रक्त दिसेपर्यंत, मग ते काचेच्या पट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. डेमोडेक्स लांबुडका असतो, चटकन सापडतो. सारकोप्टिस गोलसर, आखूड पायांचा, आणि महा बिलंदर, खरूज असूनही स्लाइडवर बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर "मग खरूज नाहीच" असं समजून घरी यायचं नाही, लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर खरजेचं औषध देऊन बघतात आणि फरक पडला की तेच निदान. वास येत असेल, कातडी तेलकट काळपट झाली असेल तर सेलोटेप चिकटवून यीस्ट (एक प्रकारची बुरशी) बघतात, तेही करून घ्या, पावसाळ्यात ते फार वाढतं. तुमच्या क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोप नसेल तर आपल्याकडे महूचं व्हेटर्नरी कॉलेज आहे की, गाडीने तासाभरात पोचाल, सकाळी लवकर जा म्हणजे झालं.

औषधं आता पूर्वीपेक्षा सोपी झालीत. नेक्सगार्ड, सिंपारिका, ब्रावेक्टो अशा चघळायच्या गोळ्या मिळतात, त्या गोचीड-पिसवांसाठी आहेत पण या दोन्ही किड्यांवरही चालतात. डोस वजनावर असतो, म्हणून जाताना बंड्याचं वजन करून घ्या आणि लॅब्राडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याची गोळी आणून अर्धी तोडून देण्याची काटकसर करू नका, औषध दोन्ही अर्ध्यांत सारखं असेलच असं नाही. अजून एक, कुत्र्याला कधीही फिट आलेली असेल तर ते आधी सांगायचं, या गोळ्यांनी काही कुत्र्यांना थरथर आणि झटके येऊ शकतात अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2018 मध्ये काढलेली आहे. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण सांगायला काय जातं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही देतात, जुनं आणि स्वस्त, मात्र ते गुरांच्या बाटलीतून अंदाजाने टोचून घेण्यासारखं नाही, आणि कोली जातीच्या किंवा त्या मिश्रणाच्या कुत्र्याला तर जीवावर बेतू शकतं.

मेडिकलवरून आणलेलं पाण्यात घालायचं औषध म्हणजे बहुतेक अमिट्राझ हे गोचीड-किडे मारायचं औषध असेल, बाटलीवर वाचा. तेच असेल तर सासूबाईंना त्याच्या आसपासही जाऊ देऊ नका, डायबेटिस असलेल्या माणसाने ते हाताळायचं नसतं, आणि बंद बाथरूममध्ये तर तुम्हीही वापरायचं नाही. आणि गाई-म्हशींच्या गोचिडांची बाटली कोणी सुचवली तर नको म्हणा, त्यातली काही औषधं मांजराला विष आहेत आणि गल्लीत मांजरं आहेतच.

ट्यूब. आपल्या मेडिकलवर मिळणाऱ्या खाजेच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध असं तिन्हीचं कडबोळं असतं. कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, आणि वर सांगितलेली स्टेरॉइडची कहाणी इथेही लागू. जळक्या ऑइलचा डबा मात्र आजच मित्राला परत करा. त्याने किडा गुदमरून मरतो असं लोक म्हणतात, पण त्यात इंजिनातला धातू आणि जळलेला कचरा असतो, उघड्या जखमेवर भाजल्यासारखं होतं आणि कुत्रं ते अंगावरून चाटून काढणारच, म्हणजे विष आपण आपल्या हाताने पाजलं. गंधक-तेल, रॉकेल, डेटॉल, तंबाखूचं पाणी, सगळ्यांना हेच उत्तर.

रोजच्या आंघोळीचं आता जरा नाजूकपणे सांगते. तुमच्या पत्रात कुठेतरी असा सूर आहे की मी स्वच्छता कमी ठेवली म्हणून हे झालं. अहो, 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या नंबरावर आलेल्या शहरात राहतो आपण, इथल्याही कुत्र्यांना लूत होतेच की. किडा दुसऱ्या कुत्र्याकडून येतो, तुमच्या झाडू-पोछ्याशी त्याचा संबंध नाही. उलट रोज साबण लावून त्याची कातडी तुम्ही अजून कोरडी करताय, कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा खूप पातळ असतो आणि आपला शॅम्पू तिला मानवत नाही. डॉक्टर क्लोरहेक्सिडिनसारखा औषधी शॅम्पू देतील तो सांगतील तेवढ्याच वेळा, आणि फेस लावून घड्याळात बघून दहा मिनिटं थांबायचं, तेव्हाच तो काम करतो. इथेच सगळे चुकतात, लावला की लगेच मग ओतायला लागतात. त्या दहा मिनिटांत बंड्याला चमचाभर दही चाटत बसवा. नंतर अगदी कोरडा पुसा, काखा आणि बोटांच्या मधलं सुद्धा, ओलं राहिलं की यीस्टला आमंत्रणच.

अंडं द्या, खुशाल द्या. उष्णतेने खरूज होत नाही. फक्त सासूबाई पूर्ण चूक आहेत असंही नाही, खाण्याचा आणि कातडीचा संबंध असतो, तो वेगळ्या बाजूने. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याला प्रोटीन आणि चांगली चरबी कमी पडते, धान्यातल्या काही घटकांमुळे जस्त नीट शोषलं जात नाही, मग केस रखरखीत होतात, कातडीवर कोंडा आणि खपल्या येतात. म्हणजे बंड्याच्या ताटात अंडं हीच कदाचित सगळ्यात बरी वस्तू असेल! शेव-परमल (शेव-मुरमुरे) मात्र बंद, आणि पोह्यांवरचा कच्चा कांदा तर अजिबात नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. आपल्या इंदुरी घरात सकाळी पोह्यांच्या प्लेटमधून कुत्र्याला घास जाणार नाही असं होत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

खरी खाण्याची ॲलर्जी असते, पण ती रक्ताच्या रिपोर्टवरून ठरत नाही. आधी कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन किमान आठ आठवडे देऊन बघायचं, मधे बिस्किट नाही, दूध नाही, आजीच्या हातचा तुकडा नाही. ज्यांच्या घरी लॅब्राडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर आहे, वय साधारण सहा महिने ते तीन वर्षं, पंजे चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झालेत, कान सारखे बिघडतात, आणि घरातलं माणूस कोणी खाजत नाही, त्यांनी ॲलर्जीच्या दिशेने जावं. खाज शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर असेल तर पिसवा बघा. बारीक दाताच्या कंगव्याने विंचरून काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका, तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि केस दोन्ही बाजूंनी सारखे गळतायत पण खाज नाही, कुत्रं सुस्त आणि जाड होत चाललंय, तर थायरॉइड तपासा. पुवाच्या पुटकुळ्या, एका रात्रीत वाढलेला ओला लाल चट्टा, ताप, खाणं सोडणं यातलं काही असेल तर सदराच्या उत्तराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

आता घर. औषध सुरू झालं की बंड्याचं अंथरूण, पट्टा, मुलाची चादर, दिवाणाची खोळ हे सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. कुत्र्याच्या अंगाबाहेर हा किडा काही दिवसच टिकतो, त्यामुळे घरभर फवारणी वगैरे नको. (पिसवा असत्या तर गोष्ट वेगळी, त्यांची अंडी-अळ्या फटींत नि गालिच्यात असतात, घर निदान तीन महिने धरून ठेवावं लागतं.) निदान तीन-चार आठवडे त्याला मुलाच्या गादीवर येऊ द्यायचं नाही, कवटाळणं बंद, गप्पा आणि चेंडू चालू. सासूबाईंनी औषध, आंघोळ, अंथरूण यातल्या कशालाही हात लावायचा नाही.

सासूबाईंबद्दल अजून एक. तुम्ही त्यांना बंड्याच्या शत्रुपक्षात टाकलंय असं वाचताना वाटलं. पण नातवाच्या अंगावर पुरळ सगळ्यात आधी त्यांनाच दिसलं ना? भीती बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. त्यांना "तुम्हाला काही कळत नाही" असं न सांगता "आई, तुम्ही म्हणालात ते खरं होतं, हे कुत्र्याकडूनच आलंय, आणि डॉक्टर म्हणतात महिन्याभरात जाईल" असं सांगितलं तर घरातलं निम्मं भांडण तिथेच संपेल. जमलं तर त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवा, पांढऱ्या कोटातलं वाक्य सुनेच्या वाक्यापेक्षा जास्त चालतं, काय करणार.

शेतावर सोडायचा विचार मात्र काढून टाका. तिथेही कुत्री असणार, त्यांना लूत लागेल, घरात वाढलेला बंड्या उपाशी आणि खाजत फिरेल, आणि तुमच्या मुलाला तरी औषध करावं लागायचं ते लागेलच. शिवाय पाळलेलं जनावर असं उपासमारीला टाकून देणं प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे. खरंच कोणाला तरी द्यायचाच झाला तर आधी बरा करा, मग सांगून-सवरून चांगल्या घरी द्या, त्यावर मी काही बोलणार नाही.

आणि बंड्याला हे आलं कुठून? फाटकाशी नाकाला नाक लावणारं, अंगावर केस नसलेलं एखादं कुत्रं गल्लीत असेलच, नजर टाका. ते तसंच राहिलं तर बंड्या बरा होऊन दिवाळीपर्यंत पुन्हा खाजवायला लागेल. त्याचा एक फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, अंदाजे वजनावर ते त्याच्यासाठीही गोळी सांगतील, ती पेढ्याएवढ्या पनीरमध्ये घालून देता येते. गल्लीत त्याला रोज खाऊ घालणारे कोणी ना कोणी असतातच, खर्च वाटून घ्या. जाताना आधीच्या दोन्ही इंजेक्शनांची चिठ्ठी आणि मेडिकलवरची ट्यूब बरोबर न्या.